रुक्मिणीदेवी : सिंहली पडद्यावरचा पहिला आवाज

(रेडिओवरील भाषण, संपादित)

रेडिओ सिलोन म्हटलं की आपल्याला आठवते ती बुधवारची रात्र आणि बिनाका गीतमाला. पण त्याच कोलंबो केंद्राच्या सिंहली कार्यक्रमांतून एक आवाज वर्षानुवर्षं घरोघर पोचत होता, याची आपल्याकडे फारशी कुणाला कल्पना नसेल. तो आवाज रुक्मिणीदेवींचा. पहिल्या सिंहली बोलपटाच्या त्या नायिका.

गंमत अशी, की त्या जन्मानं सिंहली नव्हत्याच. १५ जानेवारी १९२३ रोजी नुवारा एलियाजवळच्या रंबोडा इथं, कोलंबो चेट्टी म्हणजे मूळ तमिळ वंशाच्या ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. नाव डेझी डॅनियल्स. मुलीला गळा मात्र असा, की ऐन शालेय वयात तिची ध्वनिमुद्रिका निघाली. गाणं कशावर? तर बुद्धगयेवर! ख्रिस्ती मुलीनं गायलेलं ते गीत बौद्ध घरांनी आपलं मानलं.

त्या काळच्या सिंहली रंगभूमीशी आपलंही थोडं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या सिलोनला जात. त्यांच्या धर्तीवर तिथं 'नूर्ति' नावाची संगीत नाटकं सुरू झाली. जॉन डी सिल्वांच्या नाटकांना चाली द्यायला विश्वनाथ लौजी हे संगीतकार भारतातून गेले होते. पुढं नेगोंबोच्या बी. ए. डब्ल्यू. जयमान्ने यांनी 'मिनर्व्हा' ही नाटक मंडळी गाजवली. रुक्मिणीदेवी तिच्या नायिका झाल्या आणि जयमान्नेंचे बंधू, विनोदी नट एडी, यांच्याशी त्यांनी लग्न केलं.

याच मंडळीच्या नाटकावरून 'कडवुणु पोरोंदुव', म्हणजे 'मोडलेलं वचन', हा चित्रपट निघाला. निर्माते एस. एम. नायगम तमिळ, दिग्दर्शक ज्योतिष सिन्हा बंगाली, चित्रीकरण दक्षिण भारतातल्या स्टुडिओत. २१ जानेवारी १९४७ रोजी तो कोलंबोच्या किंग्सली थिएटरात लागला. पडद्यावरची माणसं प्रथमच सिंहलीत बोलली, गायली. आपल्या शांता आपटे जशा स्वतःची गाणी स्वतःच गात, तशाच याही.

या चित्रपटांना टीकाकारांनी पुढं खूप नावं ठेवली. नाटकी अभिनय, हिंदी-तमिळ चित्रपटांच्या चाली, सगळं उसनं. टीका खोटी नव्हती. १९५६ साली लेस्टर जेम्स पेरिस यांनी 'रेखाव'मध्ये कॅमेरा खऱ्या खेड्यात नेला, तेव्हा जुनी तऱ्हा एकदम शिळी वाटू लागली. पण त्या उसन्या तऱ्हेत रुक्मिणीदेवींचा आवाज उसना नव्हता, हे टीकाकार विसरतात, असं मला वाटतं.

त्याच १९५६ साली तिथं 'फक्त सिंहली' हा भाषेचा कायदा झाला. सिंहली आणि तमिळ यांच्यातली दरी पुढं किती रुंदावली, हे आपण जाणतोच. आणि त्या देशात सिंहली रुपेरी पडद्याची पहिली राणी म्हणून मान मिळाला, तो एका तमिळ वंशाच्या मुलीला!

उतारवयात चित्रपट कमी झाले. गाण्याचे जाहीर कार्यक्रम तेवढे चालू राहिले. त्यासाठी गावोगाव प्रवास, रात्रीची जागरणं आलीच. ऑक्टोबर १९७८ मध्ये मातर या दक्षिणेकडच्या शहरात असाच एक कार्यक्रम होता. तो आटोपून परतताना, २८ तारखेला पहाटे, जा-एलाजवळ तुडेल्ल इथं त्यांच्या गाडीला अपघात झाला. नेगोंबो तिथून जवळच होतं. रुक्मिणीदेवी तेव्हा ५५ वर्षांच्या होत्या.