फुलं संपल्यानंतरची कारवी

२०२४ च्या पावसाळ्यात तुमच्या फोनवर जांभळ्या डोंगरांचे रील्स येऊन गेले असतील. ती कारवी. दर सात वर्षांनी फुलते असं सगळे सांगतात, पण मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. मोजा तुम्हीच. शिवाय सगळा सह्याद्री एकाच वर्षी फुलत नाही; हा डोंगर यंदा, पलीकडचा आणखी कधीतरी. (कास पठारावर दिसते ती टोपली कारवी, ही तिची बुटकी बहीण. दोघींची गल्लत करू नका.)

मला आज फुलं संपल्यानंतरचं सांगायचंय, कारण तेव्हा तिथे कॅमेरा घेऊन कुणीच जात नाही.

कारवी आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. अख्ख्या उतारावरची झुडपं एकदम. मधमाश्यांची चंगळ होते, फळं धरतात, पण बी लगेच पडत नाही. बोंडं वाळक्या काटक्यांवरच हिवाळा काढतात, उन्हाळा काढतात. मग मृगाची पहिली सर येते, बोंडं भिजतात आणि तडतड फुटायला लागतात. बिया लांब उडतात. थोड्याच दिवसांत जमिनीवर रोपांची हिरवी दाटी! इतकं बी एकदम का? खाणाऱ्यांनी पोटभर खाऊनही उरावं म्हणून, असं मानतात.

म्हणजे बघा, ऑक्टोबर ते जून त्या डोंगराची पुढची पिढी वाळक्या काटक्यांवर टांगलेली असते. आणि वणवे लागतात ते नेमके याच दिवसांत. कुणी गवत पेटवतं, कुणाची शेकोटी विझायची राहते. मार्चमध्ये मी असाच एक जळालेला उतार चढलोय. एरवी जिथे कारवीला धरून चढायचो, तिथे हाताला नुसती राख लागत होती. मुळं माती धरून ठेवतात ना, ती गेल्यावर पावसात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

फोटोसाठी तोडलेल्या तुऱ्याचंही तेच. मोगरा पुढच्या वर्षी पुन्हा फुलतो, कारवीला पुढचं वर्षच नसतं.

तर एक काम. कारवीच्या कुडाच्या घरात राहिलेलं कुणी आजी-आजोबा ओळखीचे असतील, तर त्यांना विचारा, 'तुमच्या डोंगरावर कारवी शेवटची कधी फुलली?' उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.