लोफर : माणूस आणि जोडा

मराठीत ‘लोफर’ म्हणताना हा शब्द इंग्रजी आहे, याची आठवण आता फारशी कोणाला होत नाही. तरुण मुलगा संध्याकाळी नाक्यावर उभा राहू लागला की वडील त्याला लोफर म्हणतात. त्याच मुलाला नोकरी लागली आणि त्याने नाडीवाचून पायात सरकवायचे उंची बूट आणले, की त्या बुटांनाही दुकानदार लोफरच म्हणतो. एक शब्द घराबाहेर काढणारा, दुसरा कचेरीत मानाने प्रवेश देणारा. आणि दोन्ही एकच!

इंग्रजीत पावाला लोफ म्हणतात म्हणून आयत्या पावावर जगणारा तो लोफर, अशी एक सोयीची व्युत्पत्ती कोणालाही सुचेल. पण पावाचा येथे काही संबंध नाही. हा शब्द १८३०च्या सुमारास अमेरिकेत आढळू लागला. रानोमाळ भटकणाऱ्याला जर्मन भाषेत ‘लांडलॉयफर’ म्हणतात, त्याचेच हे तुटलेले रूप असावे, असा बहुतेकांचा तर्क आहे. म्हणजे मुळात हा माणूस बसून राहणारा नव्हे, तर चालणारा होता. अमेरिकेच्या उद्योगी समाजात त्याची निर्भर्त्सना झाली, हे स्वाभाविकच होते. तथापि त्याला कैवारीही मिळाला. वॉल्ट व्हिटमन या कवीने १८४०मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात लोफरांची बाजू मोठ्या आनंदाने मांडली आणि १८५५च्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’मधील पहिल्याच कवितेत त्या क्रियापदाला मानाचे स्थान दिले.

जोड्याची कथा याहून पुष्कळ अलीकडची आहे. नॉर्वेतील आउरलांड गावी साध्या, बिननाडीच्या बुटांची एक घडण प्रचारात आली होती. तिचे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मोकॅसिनशी जवळचे साम्य होते. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बास या कंपनीने १९३६ साली तशा घडणीचे बूट काढले आणि नॉर्वेजियन या शब्दाचा शेपटाकडचा भाग घेऊन त्यांना ‘वीजन्स’ असे नाव दिले. विश्रांतीच्या वेळी घालायचा जोडा म्हणून अशा बुटांना लोफर हे नाव रूढ झाले. यातील गंमत अशी की, नाडी बांधायला ज्याच्यापाशी भरपूर वेळ आहे तो खरा लोफर. आणि हे बूट मात्र सोयीचे पडतात ते ज्याला क्षणाचीही सवड नाही त्याला. आपल्याकडील वहाण, चप्पल, मोजडी ही सारी पादत्राणे पायात सरकवायचीच, पण उंबरठ्यापाशी ती उतरवावी लागतात म्हणून. त्यात आळसाचा अंश कोणाला कधी दिसला नाही.

भारतात या शब्दाने जे पहिले पाऊल टाकले ते मात्र कोणा देशी माणसाच्या नावाने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोफर म्हणजे बेकार गोरा मनुष्य. पलटणीतून सुटलेले शिपाई, जहाज सोडलेले खलाशी, रेल्वेचे काम संपलेले कारागीर, ऑस्ट्रेलियातून घोड्यांबरोबर आलेले मोतद्दार, असे लोक मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर हिंडत आणि प्रसंगी एतद्देशीयांपुढे हात पसरीत. किपलिंगच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या १८८८च्या कथेतील दोघे साहसी गृहस्थ याच वर्गातले. राज्यकर्त्यांना त्यांच्या दारिद्र्याहून त्यांच्या दृश्यतेची चिंता अधिक होती. गोरा मनुष्य भीक मागताना दिसला, तर राज्याचा दरारा राहावा कसा? म्हणून १८६९मध्ये आणि पुन्हा १८७४मध्ये ‘युरोपियन व्हेग्रन्सी ॲक्ट’ झाला. युरोपीय वंशाचा जो मनुष्य भीक मागताना अथवा उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकताना आढळेल त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, सरकारी कामगृहात ठेवावे, त्याच्यासाठी काम शोधावे आणि ते न मिळाल्यास परत न येण्याच्या करारावर जहाजात बसवून द्यावे, अशी त्यात तजवीज होती.

गोरे लोफर गेले. शब्द येथेच राहिला आणि आमच्या मुलांच्या वाट्याला आला. येताना त्याने आपला अर्थही बदलला. इंग्रजीतला लोफर केवळ काही करीत नाही. मराठीतला लोफर नको ते करतो. नुसत्या निरुद्योगी माणसासाठी आपल्याजवळ ‘रिकामटेकडा’ होताच, ‘ऐदी’ही होता. या ऐदीचा पूर्वज तर प्रत्यक्ष अकबराच्या पदरचा अहदी. हा कोणा मनसबदाराच्या पथकात नसे, थेट बादशहाच्या सेवेत असे. सरकारी नेमणुकीचे नाव आळसाचे नाव कसे झाले, हे सरकारी नोकरांनी एकमेकांना न विचारलेलेच बरे! ऐद्याला लोक हसतात, लोफराला मात्र भितात. पुढे १९७३मध्ये धर्मेंद्र यांचा ‘लोफर’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा हे नाव नायकालाही शोभले. पण नाक्यावरच्या मुलाची त्यातून सुटका झाली नाही.

शब्दाप्रमाणेच त्याच्यामागची कायद्याची भाषाही येथे राहून गेली. १९५९च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तिच्यात, प्रत्यक्ष हात पसरला नसला तरी, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक ठिकाणी वावरणाऱ्याचाही समावेश आहे. ‘दृश्य साधन’ हे शब्द गोऱ्या लोफरासाठी १८७४मध्ये वापरलेलेच. मजूर-अड्ड्यावर काम मिळण्याची वाट पाहत उभा असलेला मनुष्य आणि काहीही न करणारा मनुष्य, हे दुरून सारखेच दिसतात. ही व्याख्या त्यांच्यात फरक करण्यासाठी जवळ जात नाही. हा कायदा पुढे दिल्लीलाही लावण्यात आला. २०१८च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. उपजीविकेचे साधन नसलेल्यांना ते साधन मिळवून देण्याऐवजी शिक्षा करणे न्यायालयाला मान्य झाले नाही.