ल्युपस आहे? मग टूडी इको झालाय का?

आजचा भाग छोटा आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

मला ल्युपस आहे, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, तो हा आजार. सांधे दुखतात, गालांवर लाल चट्टे येतात, थकवा जात नाही, हे सगळे सांगतात. हृदयाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे सोडायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. ल्युपसमध्ये या झडपांवर, बहुतेकदा मायट्रल झडपेवर, चामखिळीसारख्या बारीक गाठी येऊ शकतात. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून नाव लिबमन-सॅक्स एंडोकार्डायटिस. या गाठी जंतूंमुळे होत नाहीत, त्यामुळे अँटिबायोटिकने जातही नाहीत.

खरी मेख पुढेच आहे. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. धाप नाही, छातीत दुखणं नाही. स्टेथोस्कोपने कळेलच असंही नाही. पण गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर ऐन पंचविशीत पक्षाघात होऊ शकतो. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, माझी या अँटिबॉडीची तपासणी झाली आहे का? पॉझिटिव्ह आली तर ती किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. दोन, मला टूडी इकोची गरज आहे का? इको म्हणजे छातीवर जेल लावून केलेली हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, काही नाही. शंका उरलीच, तर अन्ननलिकेत नळी घालून इको करतात, त्यात झडपा जास्त स्पष्ट दिसतात.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन सुरू असेल, तर आयएनआर तपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो. मात्र स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.

आणि कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर 'बघू थोडा वेळ' म्हणू नका. लगेच १०८ लावा.

ल्युपस असलेल्या मैत्रिणीला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!