नोटिशीतली एक ओळ



शेतकरी उत्पादक कंपनीची नोटीस घरी आली म्हणजे तिचे पुढे काय होते, हे मी सांगायला नको. घरातले कुणीतरी कागद घेते, वरचे नाव बघते, आणि तो कागद कोनाड्यात किंवा भिंतीवरच्या तसबिरीमागे जाऊन बसतो. मोबाईलवर आली असेल तर बोटाने वर सरकवली, की झाले काम. सभा पुष्कळदा सप्टेंबरात असते. त्या वेळी मूग-उडीद खळ्यावर आलेले, सोयाबीन काढणीच्या तोंडावर. मग आपण म्हणतो, "जाऊ द्या हो, सभेत काय व्हायचंय? अहवाल वाचतील आणि चहा देतील!"

पण त्याच नोटिशीत खालच्या अंगाला कधी कधी एक ओळ असते : 'कंपनीच्या नियमावलीत दुरुस्ती करण्यासाठी विशेष ठराव मांडण्यात येईल.' आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या एका ओळीविषयी. या ओळीने तुमचे मत जाऊ शकते. आणि गेलेले मत परत मिळवण्याची वाटही त्याच वेळी अवघड होऊन बसते. कशी, ते सांगतो.

आधी ही कंपनी कसली, ते पाहू. सहकारी सोसायटी आपल्या ओळखीची आहे. व्यापारी कंपनीही आपण ऐकून आहोत. तिथे साधारणपणे ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. शेतकऱ्यांसाठी या दोहोंच्या मधली एखादी वाट असावी, असा विचार निघाला. अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तशी शिफारस केली, आणि २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीला कायद्यात जागा मिळाली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कंपनी कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. निदान दहा उत्पादक एकत्र आले, की अशी कंपनी काढता येते. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना हाती घेतली. त्यामुळे हा विषय आता शहरातल्या वकिलांचा राहिलेला नाही. तो आपल्या पारावर येऊन बसला आहे.

या कंपनीचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगता येते. सभासद शेतकरी असतील तर माणशी एक मत. तुमचे दहा भाग असोत की हजार, हात एकदाच वर करायचा. वीस एकर बागायतवाला आणि दोन एकर जिरायतवाला सभेत एका पंक्तीला बसतात. हे फार मोलाचे आहे, बरं का!

मग या पंक्तीत कुणाला बसवायचे आणि कुणाला उठवायचे, हे ठरते कुठे? ते ठरते नियमावलीत. कचेरीत तिला 'आर्टिकल्स' म्हणतात. जमिनीला जसा सात-बारा, तशी कंपनीला नियमावली. सभासद कोण होईल, त्याचे सभासदत्व कशाने जाईल, संचालक किती, त्यांची पात्रता काय, मुदत किती, हे सारे त्यात लिहिलेले असते. आपण बैल घेताना त्याचे दात बघतो, चाल बघतो, खोड विचारतो. नियमावलीवर मात्र न वाचता सही करतो!

आता तिच्यातल्या दोन कलमांकडे खास लक्ष द्या. एक मताचे आणि दुसरे संचालकाच्या पात्रतेचे.

पहिले मताचे. माणशी एक मत हा नियम खरा. पण कायद्याने एक मुभा ठेवली आहे. नियमावलीत तशी तरतूद केली, तर मतदान केवळ क्रियाशील सभासदांपुरते ठेवता येते. क्रियाशील म्हणजे कोण? कंपनीशी ठराविक मुदतीत ठराविक व्यवहार करील तो. किती मुदत आणि किती व्यवहार, हे कायदा सांगत नाही. ते नियमावलीने ठरवायचे असते.

ही मुभा वाईट हेतूने ठेवलेली नाही, हे आधी कबूल करू. काही लोक भाग घेतात, आणि माल मात्र वर्षानुवर्षे आडत्याला घालतात. कंपनीचे गोदाम रिकामे, काटा रिकामा. अशा माणसाने सभेत येऊन कारभाराची दिशा ठरवावी, हे माल घालणाऱ्याला खुपते. त्याचे म्हणणे रास्त आहे.

पण दुसरी बाजू ऐका. समजा, एका कंपनीने ठरवले की, दरसाल १० क्विंटल सोयाबीन घालील तोच क्रियाशील. आकडा ऐकायला लहान वाटतो. दोन एकर जिरायतवाल्याला बऱ्या वर्षी तेवढे जमेलही. पावसाने दगा दिला, की त्याच्या खळ्यावर चारच पोती यायची. म्हणजे ज्या वर्षी पीक गेले, त्याच वर्षी मतही गेले! किंवा असे समजा की, त्या हंगामात कंपनीचा काटा त्याच्या गावात लागलाच नाही. त्याने माल घालायचा कुठे? दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला?

म्हणून अट असावी. पण ती माणूस बघून असावी. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा हिशेब धरता येतो. दुष्काळाचे वर्ष वगळता येते. क्विंटलाऐवजी 'पिकलेल्या मालाचा अमुक हिस्सा' असे लिहिता येते. मग लहान शेतकरी आणि मोठा शेतकरी यांना एकच माप लागते. खत-बियाणे कंपनीकडून घेतले, तर तोही व्यवहारच आहे, तोही धरावा. आणि ज्याचे मत जाणार, त्याला आधी लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. या पाच गोष्टी लिहून घेतल्या, तर अटीची धार आळशी सभासदाला लागेल, गरीब सभासदाला लागणार नाही.

दुसरे कलम संचालकाच्या पात्रतेचे. कायदा सांगतो, संचालक निदान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा असावेत. मुदत एका वर्षाहून कमी नाही आणि पाच वर्षांहून जास्त नाही. मात्र पुन्हा निवडून येता येते. ज्या कंपनीचा संचालक, तिचेच कर्ज थकवले, तर पद जाते. नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात सहा महिने किंवा जास्त शिक्षा झाली, तरी जाते. बाहेरचे जाणकार म्हणून जे संचालक घेतात, ते एकंदर संचालकांच्या एक पंचमांशाहून अधिक घेता येत नाहीत. हे झाले कायद्याचे कुंपण.

या कुंपणाच्या आत आणखी अटी नियमावलीत घालता येतात, आणि तिथेच डोळे उघडे ठेवायचे. 'उमेदवार थकबाकीदार नसावा' ही अट चांगली. 'कंपनीच्या मालाचाच खाजगी व्यापार करणारा नसावा' हीही चांगली. ज्याचा धंदा कंपनीच्या हिताच्या आड येतो, त्याला कायदा सभासददेखील होऊ देत नाही. पण 'उमेदवाराला संचालकपदाचा पाच वर्षांचा अनुभव असावा' अशी अट आली, तर? अनुभव कुणाला आहे? जे आज खुर्चीवर आहेत त्यांना! 'उमेदवाराचे अमुक इतके भाग असावेत' अशी आली, तर माणशी एक मत हे तत्त्व मागच्या दाराने बाहेर गेले म्हणून समजा. मत द्यायला सगळे समान, आणि उभे राहायला मात्र पैसेवाले. अट वाचताना एकच प्रश्न विचारावा : ही अट कारभार सुधारण्यासाठी आहे, की दार लावून घेण्यासाठी?

आता ही दुरुस्ती होते कशी? निवडून आलेल्या संचालकांपैकी निदान दोन तृतीयांश जणांनी ती सुचवावी लागते. किंवा सभासदांपैकी निदान एक तृतीयांश जणांनी. म्हणजे सुचवण्याचा हक्क तुम्हांलाही आहे, हे विसरू नका. मग ती सभेपुढे विशेष ठराव म्हणून येते. वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. विशेष ठराव मांडायचा असेल, तर तसे नोटिशीत लिहिलेले असले पाहिजे. आणि ठरावाच्या बाजूची मते विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट हवीत. ठराव झाला, की दुरुस्तीची प्रत तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे जाते.

तिप्पट म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, "मग भीती कसली? इतकी मते मिळणार कुठून?" गुरुजी, फळ्यावर हे गणित मांडा. कंपनीचे सभासद ४००. नियमावलीत जास्त सांगितले नसेल, तर गणपूर्ती एक चतुर्थांशाची, म्हणजे १०० ची. सभेला नेमके १०० आले आणि सगळ्यांनी मत दिले. ७५ बाजूने, २५ विरोधात, ठराव पास! चारशेंच्या घराचा नियम पंच्याहत्तरांनी बदलला. आता उलटे बघा. विरोधात आणखी एकच मत गेले असते, ७४ विरुद्ध २६ झाले असते, तर ठराव पडला असता. घरी बसलेल्या ३०० जणांची गोष्ट सोडाच. काठावरचा एक माणूस पुरे होता.

आणि पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. समजा, क्रियाशील सभासदाची अट पास झाली आणि तुमचे मत गेले. ती अट पुन्हा बदलायला विशेष ठराव हवा. त्याला मत द्यायचा हक्क तुम्हांला उरलेला नाही. मधल्या काळात सभा मागवायची, तर मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी एक तृतीयांशांनी लेखी मागणी करावी लागते. त्या मोजणीतही तुम्ही नाही. म्हणजे दार बाहेरून नव्हे, आतून लागते. म्हणून हात वर करायचा तो आधी, नंतर नव्हे.

कुणी म्हणेल, "नाही पटलं तर भाग विकून मोकळं होऊ." शहरातल्या शेअर बाजारात तसे करता येते. इथे नाही. उत्पादक कंपनीचा भाग बाजारात विकता येत नाही. तो संचालक मंडळाच्या मंजुरीने क्रियाशील सभासदालाच द्यायचा, आणि तोही दर्शनी किमतीला. कंपनी कितीही वाढली, तरी भागाची किंमत वाढून तुमच्या हाती पैसा येणार नाही. मग तुमच्या भागाला मोल कशाचे? कंपनीशी जेवढा व्यवहार कराल त्या मानाने मिळणाऱ्या बोनसचे, आणि तुमच्या मताचे. बोनस किती वाटायचा हेही अखेर सभाच ठरवते. म्हणजे फिरून गोष्ट मतावरच आली.

तेव्हा मंडळी, नोटीस आली की तिला कोनाडा दाखवू नका. तीत 'नियमावली' आणि 'विशेष ठराव' हे शब्द शोधा. सापडले, तर कचेरीत जाऊन जुने कलम आणि नवे कलम शेजारी-शेजारी लिहून मागा. गावातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, एका संध्याकाळी दहा सभासदांना शाळेच्या ओसरीवर बोलवा आणि दोन्ही कलमे मोठ्याने वाचा. बायकांच्या नावे भाग असतील, तर त्यांनाही बोलवा. सभासद त्या आहेत, घरधनी नव्हे. वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारा. या बदलाने आपल्यापैकी कुणाचे मत जाईल? दुष्काळाच्या वर्षी काय होईल? निवडणुकीला कोण उभा राहू शकणार नाही? आणि हा बदल चुकला, तर तो मागे कसा घेता येईल?

उत्तरे पटली, तर सभेत आनंदाने हात वर करा. संचालक आपलेच आहेत. प्रत्येक दुरुस्तीमागे कावा असतो, असे मुळीच नाही. पटली नाहीत, तर नम्रपणे विरोधात मत द्या आणि ते मोजून घ्या. पण जा. सोयाबीन एक दिवस थांबेल. सभा थांबत नाही.