रात्री दोनचा डोस

नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, प्रतिजैविकं आणि विषाणूविरोधी औषधं यांची लांबलचक यादी तुम्हाला पाठ करावी लागते. पण कुठलं औषध शरीरात काय करतं हे एकदा कळलं, की ते कधी द्यायचं, किती वेगानं सोडायचं आणि दिल्यावर काय पाहायचं, हे आपोआप लक्षात राहतं.

पेनिसिलिन घ्या. जिवाणूच्या पेशीभोवती भिंत असते, आपल्या पेशींना ती नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. जिवाणू फुटतो, आपली पेशी शाबूत राहते. मात्र भिंतीचं काम चालू असेपर्यंत औषध रक्तात हजर हवं. आणि मूत्रपिंडं धडधाकट असतील, तर इंजेक्शनच्या पेनिसिलिनचं रक्तातलं प्रमाण तासाभरात निम्म्याखाली येतं. म्हणून तर चार-सहा तासांनी डोस लिहिलेला असतो. ‘पेशंट झोपलाय’ म्हणून रात्री दोनचा डोस सकाळवर ढकलला, तर मधल्या तासांत जिवाणूंना मोकळं रान मिळतं. पेशंटला हलक्या हातानं उठवा, पण डोस द्या.

जेंटामायसिनचं गणित वेगळं. त्याची रक्तातली पातळी एकदा उंच जाणं महत्त्वाचं, म्हणून पुष्कळदा दिवसाला एकच डोस पुरतो. धोका मूत्रपिंडाला आणि कानाला. लघवी किती झाली, क्रिएटिनिन वाढलं का, हे बघाच. आणि आजोबा ‘कानात काहीतरी वाजतंय’ म्हणाले, तर म्हातारपण समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. व्हँकोमायसिन घाईनं सोडलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. त्याला निदान एक तास द्यायचा.

पहिल्या डोसआधी विचारा: पूर्वी एखाद्या औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या का? दम लागला होता का? कल्चर सांगितलं असेल तर रक्त आधी घ्या. पण सेप्सिसच्या पेशंटमध्ये त्यापायी औषध लांबवू नका.

विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा संसार. तो आपल्याच पेशीत शिरून वाढतो, म्हणून पेनिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी. असायक्लोव्हिरची करामत मला फार सुंदर वाटते: हर्पिसच्या विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच त्या औषधाला जागं करतं, त्यामुळे निरोगी पेशींना फारशी झळ लागत नाही. या औषधाच्या संशोधनाशी जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं. पण शिरेतून असायक्लोव्हिर भरभर दिलं आणि शरीरात पाणी कमी असलं, तर मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचतात. त्यामुळे इथंही एक तास आणि पुरेसं सलाइन.

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूच्या तपासणीसाठी रांगा लागल्या, तेव्हा ऑसेल्टामिव्हिर हे नाव घरोघरी पोचलं. लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत ते सुरू झालं तर सर्वाधिक उपयोग होतो. म्हणून तापाच्या पेशंटला ‘ताप किती?’ याबरोबरच ‘कधीपासून?’ हेही विचारा आणि उत्तर केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहा.

नातेवाईक म्हणतील, ‘सिस्टर, भारी अँटिबायोटिक का देत नाही?’ त्यांच्यावर चिडू नका. हा फ्लू विषाणूचा आहे, अँटिबायोटिकनं तो हटणार नाही, उलट जुलाब लागतील, हे शांतपणे सांगा. आणि दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वर जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेव्हा तडक घेऊन या, हेही सांगून ठेवा.