आगोटीचे दिवस

वर्षाचे ऋतु सहा. परंतु गृहस्थाच्या संसारांत आणखी एक लहानसा ऋतु असतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतें, तेव्हांपासून मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंतचे हे पंधरा-सोळा दिवस. पावसाच्या तोंडावरील या काळाला कोंकणपट्टींत आगोट म्हणतात. शहरांतील मनुष्य हे दिवस घाम पुशीत आणि शाळा उघडण्याची तारीख मोजीत कसेबसे लोटतो. परंतु ठाणें जिल्ह्यांतील शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांत ज्यांचें वडिलोपार्जित घर आणि घरामागें परसबाग आहे, त्यांना हे दिवस लोटावेसे वाटत नाहींत. ते इतक्यांत संपूं नयेत असेंच वाटतें.

आसनगांव स्टेशनाबाहेर पडलें कीं माहुलीचे सुळके दिसूं लागतात. या दिवसांत डोंगर उघडे, गवत करपलेलें आणि ओढे कोरडे असतात. पण याच रुक्षपणांत रानमेवा पिकतो: आधीं करवंदें, त्यांच्याबरोबर रायवळ आंबे आणि मागोमाग जांभळें. ठाकर व कातकरी स्त्रिया पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदें घेऊन बाजारांत बसतात. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या कीं रानांत शेवळें उगवतात. त्यांची भाजी वर्षांतून थोडेच दिवस मिळते. शेवळ घशाला खाजतें, म्हणून त्याच्या जोडीला काकडाचीं आंबट फळें घ्यावीं लागतात. हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला पहिलाच घांस सर्व कांहीं शिकवून जातो!

घरांत तर या दिवसांत रिकामा हात दिसत नाहीं. जुलईंत ऊन्ह मिळणार नाहीं, तेव्हां चार महिन्यांची बेगमी आतांच करावयाची. अंगणांत पापड, कुरडया, सांडगी मिरच्या आणि आंब्याचीं साठें वाळत असतात. कावळे हांकण्याचें काम मुलांकडे असतें, आणि त्या राखणीची मजुरी म्हणून ओल्या साठाचा एखादा कोपरा तीं परस्पर वसूल करतात. आजोबा छपरावरील कौलें चाळून घेतात. सून सरपण पडवींत रचते. मुंबईहून रजेवर आलेला मुलगा नव्या रोपांसाठीं खड्डे खणतो. ते उन्हांत चांगले तापूं द्यावे, म्हणजे मातींतील कीड मरते, आणि मग पालापाचोळा व शेणखत घालून भरावे, हें आजोबा त्याला वरूनच सांगत असतात. आजी राखेंत जपलेलें दोडक्याचें, पडवळाचें आणि काकडीचें बीं मडक्यांतून काढून नातीच्या ओंजळींत ओतते. यंदा मांडवावर काय चढवावयाचें, याचा निर्णय त्या ओंजळीवर होतो.

परंतु या दिवसांतील सर्वांत मोठी शिकवण विहिरीवर मिळते. पोहरा तळाला लागूं लागलेला असतो. मुंबईला मोसमी पाऊस पोंचण्याची वेधशाळेची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण तो आठ दिवस लांबला तर? म्हणून प्रत्येक घागरीचा हिशेब होतो. तांदूळ धुतलेलें पाणी अळवाला, न्हाणीचें पाणी केळीला. झाडांच्या आळ्यांत वाळलेल्या पानांचा जाड थर घालावयाचा, म्हणजे ओल उडून जात नाहीं. कोंवळ्या कलमाजवळ तळाला बारीक भोंक पाडलेलें मडकें पुरावयाचें, म्हणजे पाणी थेंबाथेंबानें मुळांशीं पोंचतें.

“आजी, मोगरा सुकला. त्याला आधीं पाणी घालूं ना?” नात विचारते.

“नको, बाळ. आधीं कलमाला. मोगरा पाऊस पडला कीं पुन्हां फुटेल. कलम एकदां गेलें कीं गेलें.”

आणि कलमाच्याहि आधीं एक मान असतो. जवळच्या पाड्यावरील विहीर आटली म्हणजे तेथील बायका हंडे घेऊन दाराशीं येतात. त्या दिवशीं बागेची पाळी चुकते. त्याबद्दल घरांत कोणी चर्चा करीत नाहीं, आणि चर्चा न करतांच मुलांना समजावयाचें तें समजतें.

मुंबईच्या श्रोत्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. याच शहापूरच्या रानांत तानसा तलाव १८९२ सालीं बांधून पुरा झाला. पुढें भातसा धरण झालें, आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसेंतून येतो. तरीहि मेअखेरीस याच तालुक्यांतील कित्येक गांवपाडे टँकरची वाट पाहत बसतात. पाण्याचे तलाव दारीं आणि हंडा रिता, अशी ही विपरीत स्थिति आहे. तिचा उपाय सरकारनें व महानगरपालिकेनें करावयाचा हें खरें. पण नळ सोडतांना पाण्याचें गांव आठवणें, एवढें तर प्रत्येक घराला करतां येईल.

संध्याकाळीं वारा फिरतो. माहुलीच्या माथ्यावर ढग जमतात आणि कांहीं न करतां पांगतात. जेवणें आटोपल्यावर घरचीं माणसें दिवे मालवून अंगणांत बसतात, कारण झाडांवर काजवे दिसूं लागलेले असतात. पाऊस एकदां लागला कीं हा प्रकाश थोड्याच दिवसांत विझेल, आंब्यांत अळी पडेल, मुलें शाळेला जातील आणि घरांत दोनच म्हातारीं माणसें उरतील. हें सर्वांना ठाऊक असतें. म्हणूनच उठण्याची घाई कोणालाहि नसते.

उन्हाळ्याची गोडी लाभते ती सांवलींत निजून राहणाऱ्याला नव्हे, तर त्याच्या अखेरच्या दिवसांत चार माणसांबरोबर हात राबवणाऱ्याला. ज्यांना गांव नाहीं, परस नाहीं, त्यांच्या गॅलरींतहि एखादी तुळस असतेच. तांदूळ धुतलेलें पाणी आज मोरींत न ओततां मुलाच्या हातीं द्यावें आणि तें तुळशीला घालावयास सांगावें. आगोटीचा पहिला धडा तेथेंहि गिरवतां येतो.