दारू नाही, मग काय?

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी रुग्णालयात समाजसेविका आहे. एकदा तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दारूबद्दल चौकशी करावी.' मी विचारलं, आणि ती रडायलाच लागली.

आठ वर्षं तिचं पोट दुखत होतं. कळ बेंबीच्या वर उठायची आणि थेट पाठीत जायची. सासरी म्हणत, कामाचा कंटाळा. दवाखान्यात म्हणत, ॲसिडिटी, नाहीतर मनाचं दुखणं. शेवटी स्वादुपिंडाला जुनी सूज दिसली, तेव्हा नवा संशय आला: ही चोरून पिते का? त्या संशयात माझाही प्रश्न सामील होता.

तिला लहानपणापासून सर्दी-खोकला होता, सायनसचं ऑपरेशनही झालं होतं. हे सगळं एका तरुण डॉक्टरबाईंनी जोडून पाहिलं आणि घाम तपासला. त्यात क्लोराइड फार निघालं. आजार होता सिस्टिक फायब्रोसिस.

हा गोऱ्यांचा, लहान मुलांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. तो चूक आहे. त्याचं जनुक १९८९ साली सापडलं. ते बिघडलं की शरीरातले स्राव घट्ट होतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि पाचक रस त्या ग्रंथीलाच इजा करतो. कारण न सापडलेल्या जुन्या स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत या जनुकातले बदल अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात, हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. भारतीय रुग्णांतही ते सापडले आहेत. सौम्य प्रकारात फुफ्फुसं बरी असतात, म्हणून शंकाच येत नाही. घामाची तपासणीही कधी फसवते. मग जनुकीय तपासणी लागते.

निदान झाल्यावर सासरचे म्हणाले, "माहेरचा दोष!" पण सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. आणखी एक ऐका. हा आजार असलेल्या बहुतेक पुरुषांत शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. मूल होत नाही म्हणून तपासण्या मात्र आधी बायकोच्या!

तेव्हा दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत, तरी स्वादुपिंड सुजतंय, असं दिसलं तर गप्प बसू नका. "घाम तपासला का?" असं विचारा.

ती बाई आता जेवणाबरोबर पाचक रसाच्या गोळ्या घेते. दुखणं पुरतं गेलेलं नाही. पण "दुखतंय" म्हटलं की आता घरात कुणी हसत नाही.